मूठमाती

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या चरित्रात त्यांच्या वडिलांविषयी एक तपशील येतो. त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. थोरले कारोल वोयतिवा हे पेशाने सैनिक होते. परंतु उमेदीची वर्षे त्यांनी पोलंडच्या सैन्यात काढलेली नव्हती, कारण पोलंड नावाचा देश त्या काळी नकाशावर नव्हताच. ते ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे शिपाई होते. त्यांचे वाडोवित्से हे गाव गॅलिशिया प्रांतात होते आणि गॅलिशियावर व्हिएन्नाचा अंमल होता. १९१८ मध्ये ते साम्राज्य मोडले, पोलंड पुन्हा उभा राहिला आणि १९२० मध्ये धाकटा कारोल पोलंडच्या भूमीवर जन्माला आला. वडिलांनी एक गणवेश उतरवून दुसरा चढवला. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते. ते पोल होते, कॅथलिक होते आणि सम्राटाचे शिपाई होते. सम्राट गेला तरी पहिली दोन नाती शाबूत राहिली.

वोयतिवा कुटुंब त्या गावात ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराचा मालक ज्यू व्यापारी होता. गॅलिशियाच्या गावोगावचे ज्यू तरुणही त्याच सम्राटाच्या सैन्यात भरती झाले होते, त्याच चिखलात लढले होते, त्याच खंदकांत मेले होते. सम्राट गेल्यावर त्यांच्यापाशी काय उरले, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनातून जात नाही.

हे साम्राज्य कसे होते ते प्रथम सांगायला हवे. १९१० साली ऑस्ट्रिया-हंगेरीची लोकसंख्या पाच कोटींवर होती. तीत जर्मन, हंगेरियन, चेक, पोल, युक्रेनियन, रुमानियन, स्लोव्हाक, स्लोव्हेन, क्रोएट, सर्ब, इटालियन अशी अनेक माणसे नांदत होती; बॉस्नियाचे मुसलमानही होते. सैन्यातील हुकूम जर्मन भाषेत दिले जात, पण त्यासाठी ऐंशीच्या आसपास शब्द पुरत असत. बाकी सारे बोलणे पलटणीतील शिपायांच्या भाषेत होई आणि अधिकाऱ्याला ती भाषा शिकावी लागे. असा प्रचंड आणि कुरकुरणारा संसार एका वृद्ध गृहस्थाच्या नावावर चालला होता. १८४८ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर आलेला फ्रान्झ जोझेफ १९१६ मध्ये मरेपर्यंत सम्राट होता. नातवंडांनी आणि पणतवंडांनीही दुसरा सम्राट पाहिला नव्हता.

या संसारात वीस लाखांहून अधिक ज्यू होते. इतर प्रत्येकाला बोट दाखवता येईल असा आपला मुलूख होता. ज्यूंना तो नव्हता. ते प्रागमध्ये होते, बुडापेस्टमध्ये होते, व्हिएन्नात पावणेदोन लाख होते आणि सर्वांत दाट वस्ती होती ती गरीब गॅलिशियात. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत माणसाला त्याची बोलण्याची भाषा विचारली जाई आणि तीवरून त्याची जमात मोजली जाई. गॅलिशियातील ज्यू घरात यिद्दिश बोलत. पण सरकारी यादीत यिद्दिश ही भाषाच नव्हती. मग कोणी पोलिश लिहिले, कोणी जर्मन लिहिले. घरात एक बोलायचे आणि कागदावर दुसरे लिहायचे, असा तो मामला होता.

तरीही या लोकांइतके सम्राटनिष्ठ लोक त्या साम्राज्यात शोधून सापडले नसते. याचे कारण खुशामत नव्हे. १७८२ मध्ये दुसऱ्या जोझेफने व्हिएन्नातील ज्यूंसाठी सहिष्णुतेचे फर्मान काढले. १८६७ च्या घटनेने त्यांना संपूर्ण नागरी समानता दिली. पलीकडे रशियात त्यांचेच भाऊबंद ठरावीक प्रांतांबाहेर राहू शकत नव्हते. १९०३ मध्ये किशिनेव्हमध्ये दंगेखोरांनी त्यांची कत्तल केली होती. इकडे मात्र ज्यू मुलगा वकील होऊ शके, डॉक्टर होऊ शके आणि राखीव सैन्यात अधिकारीही होऊ शके. जर्मनीच्या प्रशियन सैन्यात त्या काळी तेही अशक्यप्राय होते.

यात त्यांचा धर्मही आड येत नव्हता. ज्या नगरात तुम्हांला बंदिवान करून नेले आहे त्या नगराच्या शांतीसाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलच्या बंदिवानांना कळवले होते. ते पत्र आपल्याही बायबलात एकोणतिसाव्या अध्यायात आहे. राज्याचा कायदा तोच आपला कायदा, असे त्यांच्या रब्बींनी सतराशे वर्षांपूर्वी ठरवून टाकले होते. त्यामुळे सभास्थानात सम्राटासाठी प्रार्थना होई ती मनापासून होई. यिद्दिशमध्ये त्यांनी सम्राटाला घरगुती नावही दिले होते, ‘फ्रोयिम योस्सेल’. आपण एखाद्या आजोबांना हाक मारावी तसे.

एक गमतीची आख्यायिका सांगतात. १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला जाताना फ्रान्झ जोझेफ जेरुसलेमला गेला. तेथे एका अर्धवट बांधलेल्या सभास्थानाला छत नव्हते. “याचे छत कोठे आहे?” असे सम्राटाने विचारले. “महाराज, आपल्या सन्मानार्थ त्याने टोपी काढली आहे,” असे उत्तर मिळाले. सम्राटाने घुमटासाठी देणगी दिली. त्याच्या लांबलचक पदव्यांत ‘जेरुसलेमचा राजा’ अशीही एक पदवी होती, हे लक्षात घेतले तर हा विनोद अधिकच खुलतो.

त्या ज्यू माणसाच्या मनाची रचना तीन पदरी होती, असे इतिहासकार सांगतात. राज्याने तो ऑस्ट्रियन. भाषेने आणि वाचनाने जर्मन, चेक किंवा पोल. आणि कुळाने व श्रद्धेने ज्यू. हे तीन पदर एकमेकांना काचत नव्हते. आपल्याला हे समजणे कठीण जाऊ नये. आपल्या कोकणातील बेने इस्राएलांना गावकऱ्यांनी ‘शनिवार तेली’ असे नाव दिले होते. धंद्याने तेली, धर्माने शनिवार पाळणारे आणि भाषेने तुमच्या-माझ्यासारखे मराठी. गावाने एका नावात सारे बसवले आणि पुढे कोणाचे काही अडले नाही.

योझेफ सॅम्युएल ब्लॉख नावाचे एक रब्बी व्हिएन्नाच्या संसदेत गॅलिशियाचे प्रतिनिधी होते. साम्राज्यातील प्रत्येक जमात आपापल्या झेंड्याखाली भांडू लागली, तेव्हा १८८६ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिले. निव्वळ ऑस्ट्रियन अशी एखादी राष्ट्रीयता उभी करायची झालीच तर तिचा पाया ज्यूच ठरतील, असे त्यांचे म्हणणे होते. इतरांना ऑस्ट्रिया सोडून जायला जागा होती, यांना नव्हती. म्हणून हेच खरे ऑस्ट्रियन. या म्हणण्यात अभिमान आहे आणि थोडी भीतीही आहे.

भीतीचे कारण आपल्याला अवघड वाटेल, पण ते लिहिले पाहिजे. या ब्लॉखसाहेबांना ज्याच्याशी झुंज द्यावी लागली तो आउगुस्ट रोलिंग हा प्रागच्या विद्यापीठातील प्राध्यापक कॅथलिक धर्मगुरू होता. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाविषयी त्याने १८७१ मध्ये एक विषारी पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते हातोहात खपले. हा मनुष्य अडाणी आणि खोटारडा आहे, असे ब्लॉख यांनी जाहीरपणे छापले. रोलिंगने अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १८८५ मध्ये खटला उभा राहण्याच्या सुमारास गुपचूप मागे घेतली. त्याचे अध्यापन संपले, पण पुस्तक खपतच राहिले. व्हिएन्नात कार्ल लुएगर हा ख्रिस्ती-सामाजिक पक्षाचा पुढारी ज्यूंविरुद्ध भाषणे करून नगराध्यक्षपदी निवडून आला. त्याच्या पाठीशी कनिष्ठ धर्मगुरूंची मोठी फळी होती. सम्राटाने, जो स्वतः रोज मिस्सा ऐकणारा कॅथलिक होता, त्याच्या निवडीला मान्यता देण्याचे पुनःपुन्हा नाकारले. अखेर १८९७ मध्ये त्याला नमते घ्यावे लागले. ज्यू कोण आहे ते मी ठरवतो, असे हा लुएगर म्हणत असे म्हणतात.

आणि लुएगरकडेच कशाला बोट दाखवायचे? दर गुड फ्रायडेला जगभरच्या चर्चमध्ये ज्यूंसाठी जी लॅटिन प्रार्थना म्हटली जाई, तीत त्यांना लावलेल्या विशेषणाचा लोकांच्या कानी पडणारा अर्थ ‘विश्वासघातकी’ असा होता. आमच्या आजी-आजोबांनीही ती ऐकली असेल. लॅटिन कळत नव्हते एवढेच. पोप तेविसावे जॉन यांनी तो शब्द १९५९ मध्ये काढून टाकला आणि १९६५ मध्ये व्हॅटिकन विश्वपरिषदेने ज्यूंविषयीची आपली भूमिकाच नव्याने मांडली. परंतु १९१४ मध्ये हे सारे दूर होते. सम्राटासाठी प्राण द्यायला निघालेल्या ज्यू शिपायाला त्याच्या शेजारचा ख्रिस्ती शिपाई वर्षातून एकदा, गुडघ्यांवर न येता, विश्वासघातकी म्हणणारी प्रार्थना ऐकत होता.

युद्ध आले तेव्हा ज्यूंना जणू मोकळे वाटले, हे आज वाचताना विचित्र वाटते. पण त्याला कारण होते. शत्रू कोण, तर रशियाचा झार! किशिनेव्हचा झार! सम्राटाशी निष्ठा आणि आपल्या लोकांशी निष्ठा या दोन वाटा प्रथमच एक झाल्या. जे भावनेच्या आहारी जाणारे नव्हते त्यांनाही हा वारा लागला. डॉक्टर फ्रॉइड यांनी जुलै १९१४ मध्ये आपल्या एका मित्राला लिहिले की, तीस वर्षांत प्रथमच आपण ऑस्ट्रियन आहोत असे त्यांना वाटते आहे. त्यांचे मुलगे युद्धावर गेले. साम्राज्याच्या सैन्यात एकूण तीन लाखांच्या आसपास ज्यूंनी नोकरी केली.

त्या सैन्याची जुनी छायाचित्रे पाहण्याजोगी आहेत. शपथविधीच्या वेळी एका ओळीत उभे असतात कॅथलिक धर्मगुरू, ऑर्थोडॉक्स पाद्री, प्रॉटेस्टंट पाळक, बॉस्नियाच्या पलटणींचे इमाम आणि लष्करी रब्बी. जर्मनीच्या युद्धखात्याने १ नोव्हेंबर १९१६ रोजी सैन्यातील ज्यूंची शिरगणती सुरू केली. ते आघाडी चुकवतात का, हे म्हणे पाहायचे होते. निकाल काही प्रसिद्ध केला नाही. बारा हजार जर्मन ज्यू त्या युद्धात पडले. ऑस्ट्रिया-हंगेरीने तसली गणती केली नाही. थकलेल्या, गोंधळलेल्या त्या साम्राज्याच्या खाती एवढी गोष्ट जमा धरली पाहिजे.

पण युद्धाचा पहिला तडाखा बसला तो ज्यूंच्याच वस्त्यांना. रशियन फौजा गॅलिशियात घुसल्या. सप्टेंबर १९१४ च्या आरंभी लेंबर्ग, म्हणजे आजचे ल्विव्ह, त्यांच्या हाती गेले. ब्रॉडी जळले. कोसॅकांनी घरे लुटली, बायका भ्रष्ट केल्या, ओलिस पकडून नेले. लाखो माणसे पश्चिमेकडे निघाली. पोल होते, युक्रेनियन होते, पण ज्यू फार होते. कारण झाराच्या हाती सापडले तर काय होईल, हे त्यांना ठाऊक होते. १९१५ मध्ये सरकारी मदतीवर जगणारे पाऊण लाखाहून अधिक ज्यू निर्वासित एकट्या व्हिएन्नात होते. लांब काळे अंगरखे, दाढ्या, पोरांचे लेंढार, यिद्दिशची कलकल. शहरातील सुशिक्षित ज्यूंना त्यांची लाज वाटली आणि दयाही आली. अनिता म्युलर नावाची चोवीस वर्षांची तरुणी पुढे झाली. तिने चहाची आणि सूपची केंद्रे उघडली, बाळंतिणींची आणि तान्ह्या मुलांची सोय केली. शहरातील इतर लोकांना मात्र हळूहळू फक्त रांगा दिसू लागल्या. पाव कमी पडला की दोष निर्वासितांचा, कोळसा कमी पडला की दोष निर्वासितांचा. ज्या सम्राटासाठी घरदार सोडून ते आले होते त्याच्याच राजधानीत ते परके ठरत होते.

पलीकडच्या बाजूला रशियन सैन्यातही लाखो ज्यू शिपाई होते, हे विसरता येत नाही. त्यांच्यावर संशय असा, की हे ऑस्ट्रियाचे हेर आहेत. १९१५ मध्ये झाराच्या सेनापतींनी आघाडीलगतच्या ज्यू वस्त्याच्या वस्त्या उठवून आत हाकलल्या. आन्स्की या रशियन ज्यू लेखकाने त्या दिवसांत गॅलिशियात मदतकार्य केले आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. त्याला गावोगावी एकच कथा निरनिराळ्या तपशिलांनिशी ऐकू आली. एक ज्यू शिपाई चकमकीत शत्रूच्या छातीत संगीन खुपसतो आणि मरणारा मनुष्य ‘शेमा इस्राएल’ म्हणत कोसळतो. शेमा ही ज्यूंची प्राणपणाची प्रार्थना. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभू येशूने आपल्या उत्तराचा आरंभ तिनेच केला, हे मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. मारणारा ती ऐकतो आणि त्याचे भान हरपते. अशी घटना नेमकी कोठे घडली, हे विचारण्यात अर्थ नाही. ज्यांची माणसे दोन्ही सैन्यांत होती त्यांनी ती रचली आणि एकमेकांना सांगितली.

कॅथलिक शिपायाने कॅथलिक शिपायाला मारले नाही काय? त्या युद्धात दोन्ही बाजूंनी रोझरी गळ्यात घालून माणसे मेली. परंतु आम्ही तशी कथा रचली नाही. का, ते मला सांगता येत नाही.

१९१६ च्या नोव्हेंबरात वृद्ध सम्राट वारला. मागून आलेला तरुण कार्ल भला मनुष्य होता. त्याने तहासाठी खटपट केली आणि २००४ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. त्याच्या नावावरील एक छोटी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. बोहेमियातील लिओपोल्ड हिल्सनर या गरीब ज्यूला १८९९ मध्ये एका ख्रिस्ती मुलीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ज्यू आपल्या धर्मविधीसाठी ख्रिस्ती रक्त काढतात, या जुन्या भाकडकथेवर लोकक्षोभ उभा होता. प्राध्यापक मासारिक यांनी त्याची बाजू घेतली, तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांना वर्गात बोलू दिले नाही. फ्रान्झ जोझेफने फाशीची जन्मठेप केली आणि कार्लने मार्च १९१८ मध्ये हिल्सनरला मुक्त केले. त्यानंतर आठ महिन्यांत साम्राज्यच उरले नाही.

तो शेवट फ्रान्झ थिओडोर चोकोर या नाटककाराने १९३६ मध्ये लिहिलेल्या एका नाटकात जसा पकडला आहे तसा इतिहासाच्या पुस्तकांत मला सापडला नाही. नाटकाचे नाव ‘३ नोव्हेंबर १९१८’. व्हिएन्नाच्या बुर्ग नाट्यगृहात १९३७ मध्ये त्याचा प्रयोग झाला. पर्वतातील एका लष्करी आरोग्यधामात बर्फामुळे अडकलेले काही अधिकारी आहेत. साम्राज्य संपल्याची बातमी पोहोचते. कालपर्यंत एका ताटात जेवलेले हे लोक एकेक करून उठतात, कारण प्रत्येकाला आपल्या नव्या देशात जायचे आहे. त्यांना थोपवू पाहणारा कर्नल अखेर स्वतःवर गोळी झाडून घेतो. त्याला पुरताना सारे मूठमाती देतात. आपल्याकडे कबरीवर आपण देतो तशीच. पण येथे प्रत्येकजण मूठ टाकताना आपल्या देशाचे नाव घेतो. हंगेरियन हंगेरीचे, पोल पोलंडचे, चेक आपले, स्लोव्हेन आपले, इटालियन आपले. जर्मन अधिकारी तर आपल्या करिंथिया प्रांताचे. शेवटी डॉक्टर ग्र्यून पुढे येतात. पलटणीचे डॉक्टर, ज्यू. हातात माती आहे. नाव सुचत नाही. ते अडखळतात, पुन्हा अडखळतात. आणि मग ते ऑस्ट्रियाचे नाव घेतात.

चोकोर स्वतः ज्यू नव्हता. जे नुकतेच मेले आहे त्याचेच नाव घेण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही, असा मनुष्य त्याला दिसला. तो त्याने रंगभूमीवर उभा केला. पुढच्याच वर्षी हिटलर व्हिएन्नात आला आणि चोकोरने देश सोडला.

प्रत्यक्षात मूठमातीची वेळ लवकरच आली. लेंबर्ग शहरासाठी पोल आणि युक्रेनियन एकमेकांशी लढू लागले. तेथील ज्यूंनी जाहीर केले की, आम्ही तटस्थ आहोत. दुसरे ते काय करणार होते? दोन्ही शेजारी, उद्या कोणाच्या राज्यात राहायचे ते ठाऊक नाही. २२ नोव्हेंबर १९१८ रोजी पोलिश फौजेने शहर घेतले आणि त्यानंतर तीन दिवस शिपायांनी व जमावाने ज्यू मोहल्ल्यात जाळपोळ आणि खून केले. तटस्थ राहिले हाच गुन्हा ठरला. ते पोल कॅथलिक होते, हे मी वाचकांपासून लपवू इच्छित नाही.

रक्त न सांडता जे झाले ते मला त्याहून अधिक विचार करायला लावते. सप्टेंबर १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहात ८० वे कलम होते. जुन्या साम्राज्यातील जो मनुष्य आपल्या गावी अल्पसंख्य असेल त्याला आपल्याच ‘वंशाचा आणि भाषेचा’ देश निवडण्याची मुभा त्यात होती. युद्धात व्हिएन्नाला आलेल्या गॅलिशियाच्या हजारो ज्यूंनी अर्ज केले. आमची भाषा जर्मन, आमची मुले येथे शिकतात, आम्ही ऑस्ट्रियासाठी लढलो. आम्हांला ऑस्ट्रियन म्हणा. १९२१ मध्ये गृहमंत्री झालेल्या लिओपोल्ड वाबरने कलमातील ‘वंश’ या शब्दावर बोट ठेवले. तुमची भाषा जर्मन असेल, पण वंश जर्मन नाही, अर्ज नामंजूर. डॉक्टर ग्र्यूनने टाकलेली माती जणू त्याच्या हातात परत देण्यात आली.

एकदा विरारच्या गाडीत एका सहप्रवाशाने माझे नाव ऐकून विचारले, “तुम्ही मूळचे कुठले?” मी म्हटले, “वसईचा.” तो म्हणाला, “तसे नाही हो, मूळचे?” मी पुन्हा वसईच सांगितले. तो हसला, त्याला वेगळे उत्तर हवे होते. माणूस वाईट नव्हता. उतरताना त्याने माझी पिशवी खाली काढून दिली. वाबरच्या कलमाविषयी वाचताना मला तो आठवला, एवढेच. तुलना येथेच थांबते. आपल्या प्रजासत्ताकाने मला वंश विचारलेला नाही.

आणि निष्ठेच्या पोटी नाव घेणे आपल्यालाही नवे नाही. उत्तर कोकणातील कॅथलिकांच्या एका मोठ्या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. गोव्याकडून नोकऱ्यांसाठी आलेल्या कॅथलिकांहून आपण निराळे आहोत आणि जुन्या कंपनी सरकारच्या मुलखाचे आहोत, हे राज्यकर्त्यांना कळावे हाही त्यात हेतू होता. राणी गेली, तिचे साम्राज्यही गेले. नाव मात्र राहिले. आज ते नाव घेताना कोणाला राणी आठवत नाही. लग्नातली गाणी आणि घरचा मसाला आठवतो. आमच्या पायाखाली गाव होते, विहीर होती, वाडी होती. म्हणून नाव कोणतेही असले तरी निभावले. ग्र्यूनच्या पायाखाली फक्त नाव होते.

ब्रॉडी गावात १८९४ मध्ये जन्मलेल्या योझेफ रोट या ज्यू लेखकाने १९३२ च्या ‘राडेट्झ्की मार्च’ या कादंबरीत त्या बुडालेल्या राज्याचे सर्वांत सुंदर चित्र काढले आहे. तीत एका ठिकाणी गॅलिशियाच्या धुळीच्या रस्त्यावर वृद्ध सम्राट घोड्यावरून येतो आणि ज्यूंचा म्हातारा म्होरक्या पवित्र ग्रंथाची गुंडाळी हाती धरून त्याला आशीर्वाद देतो. हा रोट युद्धात साधा शिपाई होता. पुढे तो लोकांना सांगू लागला की आपण लेफ्टनंट होतो. मी या थापेला हसू शकत नाही. शेवटी शेवटी तो स्वतःला कॅथलिकही म्हणवू लागला. मे १९३९ मध्ये पॅरिसमध्ये तो मेला, तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला सापडेना, म्हणून धर्मगुरूंनी आखूड विधी केला. कबरीपाशी ज्यू मित्र होते, कम्युनिस्ट होते, राजनिष्ठ ऑस्ट्रियन होते. निर्वासित राजपुत्र ऑटो यांच्याकडून काळ्या-पिवळ्या फितीचे पुष्पचक्र आले होते. हा आपला की त्यांचा, याविषयी त्या गर्दीत एकमत नव्हते.

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत ज्यू विभागात युद्धात पडलेल्या ज्यू सैनिकांचे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. १९३२ मध्ये माजी ज्यू सैनिकांनी आपली संघटना काढली. पदके लावून ते रस्त्यांतून संचलन करीत. आम्हीही लढलो, हे शेजाऱ्यांना दिसावे म्हणून.

बोहेमियात तेरेझिन नावाचा एक किल्ला आहे. जर्मन नाव थेरेझिएनश्टाट. तो दुसऱ्या जोझेफने, म्हणजे सहिष्णुतेचे फर्मान काढणाऱ्याच सम्राटाने बांधला आणि त्याला आपल्या आईचे, मारिया थेरेझाचे, नाव दिले. या आईने १७४४ मध्ये प्रागच्या ज्यूंना शहराबाहेर काढण्याचा हुकूम दिला होता. साराजेवोत युवराजावर गोळी झाडणारा गाव्हरिलो प्रिन्सिप याच किल्ल्याच्या तुरुंगात एप्रिल १९१८ मध्ये क्षयाने मेला. पुढे नाझींनी या गावाचा ज्यूंसाठी कोंडवाडा केला. जानेवारी १९४२ मध्ये वान्झे येथे जमलेल्या अधिकाऱ्यांनी ठरवले की, म्हाताऱ्या ज्यूंना, तसेच पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेल्या आणि शौर्यपदके मिळवलेल्या ज्यूंना तेरेझिनला पाठवावे. इतरांना सरळ पूर्वेकडे धाडायचे. यांना आधी येथे. त्या वर्षी व्हिएन्नाहून तेरेझिनला गेलेल्या गाड्यांत ऐंशीच्या आसपासच्या वयाच्या, फ्रॉइड यांच्या चार बहिणीही होत्या.